परवाना शुल्क, रेडिओ व दूरचित्रवाणी (बेळगाव सीमाभाग)

रेडिओ किंवा दूरचित्रवाणी संच बाळगणाऱ्याकडून केंद्र सरकार दरसाल सक्तीने घेत असे ते शुल्क. भारतात ते १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत आकारले गेले. दर देशभर सारखाच असला, तरी त्याच्या मोबदल्यात काय ऐकू येते हे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या मराठीभाषक पट्ट्यात गावागणिक बदलत असे. त्यामुळे हे शुल्क किंमत की कर, हा एरवी कोरडा वाटणारा वाद येथे विशेष स्पष्टपणे पाहता येतो. कारवार, हल्याळ, बीदर व भालकी यांचा निर्देश ओघाने केला आहे.

संज्ञा : शासकीय मराठीत ‘अनुज्ञप्ती शुल्क’, वृत्तपत्रांत ‘परवाना शुल्क’ आणि बोलण्यात ‘लायसन’. सीमाभागात यात आणखी एका शब्दाची भर पडते. कन्नडमध्ये परवान्यालाच ‘परवानगी’ म्हणतात. दोन्ही शब्दांचे मूळ फार्सी; मराठीने ‘परवाना’ कागदासाठी व ‘परवानगी’ संमतीसाठी राखून ठेवला, कन्नडने तसे केले नाही. परवान्याचे पुस्तक पोस्टात मिळे. दरवर्षी शुल्काची खास तिकिटे त्यात चिकटवून शिक्का मारून घ्यावा लागे. तपासणीसाठी निरीक्षक घरी वा दुकानात येत.

उगम व कायदेशीर आधार : आरंभाच्या वर्षाबाबत एकवाक्यता नाही. काही नोंदींत १९२८ हे वर्ष दिलेले आढळते. तथापि इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीशी सरकारने सप्टेंबर १९२६ मध्ये केलेल्या करारातच परवाना शुल्कातील कंपनीचा हिस्सा ठरलेला होता, आणि २३ जुलै १९२७ रोजी मुंबई केंद्राचे उद्‌घाटन झाले त्या सुमारास देशात हजारभर परवाने अस्तित्वात होते. त्यामुळे १९२७ किंवा त्याआधीचा काळ मानणे अधिक सयुक्तिक. १९२८ हे वर्ष पुढील संकलकांनी एकमेकांवरून उतरवून घेतले असावे.

आरंभीचा दर वर्षाला १० रुपये होता आणि त्यातील ८० टक्के कंपनीला मिळत. ब्रिटनमध्ये १ नोव्हेंबर १९२२ पासून १० शिलिंग आकारले जात व त्यातील निम्मे प्रसारक कंपनीकडे जात. रुपयाला १ शिलिंग ६ पेन्स हा १९२७ चा सरकारी विनिमय दर धरला, तर भारतातील १० रुपये म्हणजे १५ शिलिंग होतात. म्हणजे हिंदुस्थानातील श्रोता लंडनच्या श्रोत्याच्या दीडपट रक्कम भरत होता. मुंबईचा प्रक्षेपक मात्र दीड किलोवॅटचा होता व त्याचा भरवशाचा टापू सुमारे ३० मैलांचा मानला जाई. बेळगावात त्या काळी कोणी संच घेतला असल्यास त्याला दिवसा खरखर आणि रात्री नशीब, एवढेच पदरी पडत असणार. मार्च १९३० मध्ये कंपनी दिवाळखोरीत निघाली, एप्रिलपासून सरकारने प्रसारण आपल्या हाती घेतले आणि जून १९३६ मध्ये ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आले.

कायद्याच्या आधाराची बाब अधिक गुंतागुंतीची आहे. पहिले परवाने १८८५ च्या तार कायद्याखाली दिले गेले. त्या कायद्याचा रोख तारयंत्रणा उभारणे, राखणे व चालवणे यांवर होता. संच घरात नुसता ठेवला आहे, तो चालवला हे सिद्ध करा, असा बचाव त्यात शक्य होता. ही पळवाट १९३३ च्या भारतीय बिनतारी तारयंत्र कायद्याने बुजवली. तो १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला आणि त्याने संच ‘जवळ बाळगणे’ हेच परवान्याच्या कक्षेत आणले. पहिल्या अपराधास १०० रुपयांपर्यंत, पुढील अपराधांस २५० रुपयांपर्यंत दंड होता. संच ज्याच्या उघड ताब्यात आहे, किंवा ज्या जागेवर ज्याचे प्रत्यक्ष नियंत्रण आहे तेथे तो सापडला, तर तो त्याच्याच कब्जात आहे असे न्यायालयाने गृहीत धरण्याची मुभा होती. एकत्र कुटुंबात याचा अर्थ सरळ होता : धाकट्या भावाने आणलेल्या रेडिओचे लायसन घरातील कर्त्याच्या गळ्यात. ऐकण्याचा, न ऐकण्याचा किंवा काय ऐकले याचा या तरतुदींत कोठेही संबंध नाही. पुढील सर्व वादाचे मूळ येथे आहे.

संस्थानी हद्दी : १९४८ पूर्वीचा बेळगाव परिसर एकसंध नव्हता. बेळगाव शहर व छावणी मुंबई इलाख्यात. शहराला लागून असलेले शहापूर सांगली संस्थानात. आसपास कोल्हापूर, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी, रामदुर्ग या संस्थानांचे तुकडे विखुरलेले. ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा संस्थानी प्रजेला आपोआप बंधनकारक होत नसे. त्यामुळे आज एकाच शहराचे भाग असलेल्या दोन पेठांमध्ये तत्त्वतः परवान्याच्या दोन व्यवस्था संभवत होत्या. ८ मार्च १९४८ रोजी दख्खनची संस्थाने आणि १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाल्यावर हा भेद संपला. बीदर व भालकी १९५६ पर्यंत हैदराबादच्या बाजूला होते. तेथील श्रोत्यांचे कानही त्यामुळे हैदराबाद, औरंगाबादकडे लागलेले.

कोणते केंद्र ऐकू येई : शुल्काचा मोबदला जोखताना निर्णायक ठरते ती मध्यम लहरींची भौतिकी. दिवसा या लहरी जमिनीलगत पसरतात व अंतराबरोबर क्षीण होतात. सूर्यास्तानंतर आयनांबराचा खालचा शोषक थर विरळ होतो आणि दूरची केंद्रेही परावर्तित होऊन पोहोचतात, मात्र एकमेकांत मिसळत, उमटत-मावळत. सीमाभागातील श्रोत्याला भरवशाचे असे दिवसाचे केंद्र हवे असेल, तर ते शंभरेक किलोमीटरच्या आतलेच.

असे पहिले केंद्र धारवाडचे. ते ८ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले तेव्हा धारवाड व बेळगाव हे दोन्ही जिल्हे मुंबई राज्यातच होते. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत दोन्ही म्हैसूर राज्यात गेले. सांगलीचे केंद्र १९६३ मध्ये आले आणि सीमाभागातील मराठी श्रोत्याला जवळचे मराठी केंद्र प्रथमच लाभले. हवाई अंतरे पाहिली तर चित्र स्पष्ट होते. खानापूरहून धारवाड साठ किलोमीटरच्या आत, तर सांगली सव्वाशेच्या पुढे. निपाणीहून नेमके उलट : सांगली पन्नास-पंचावन्न, धारवाड सव्वाशेच्या घरात. बेळगाव मधोमध, धारवाडकडे झुकलेले. पुढील काळात धारवाड ७६५ व सांगली १२५१ किलोहर्ट्‌झवर ऐकू येऊ लागले. काटा पट्टीच्या डावीकडे की उजवीकडे, यावरून घराची भाषा सांगता येई असे म्हणतात. ते तितकेसे खरे नसावे. बेळगावचे मराठी घर कन्नड समजते, आणि गाण्याला भाषा आडवी येत नाही.

हा शेवटचा मुद्दा हिशेबात सहसा धरला जात नाही. मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू ही धारवाड-हुबळीच्या मुलखातली मंडळी. मन्सूर तर आकाशवाणी धारवाडचे संगीत सल्लागारच. कुमार गंधर्वांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा. नाट्यपदे व अभंग दोन्ही बाजूंना सारखेच मुरलेले. कन्नड निवेदनानंतर यमनचा ख्याल लागला की शुल्क वाया गेले असे म्हणणारा मराठी श्रोता विरळाच. प्रादेशिक बातम्या, शेतीचे कार्यक्रम व बाजारभाव यांची गोष्ट वेगळी. त्या बाबतीत निपाणीचा तंबाखू उत्पादक आणि खानापूरचा भातशेतकरी यांना एकाच रकमेत भिन्न माल मिळत होता.

चित्रपटगीतांचे तर उलटेच. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवर चित्रपटसंगीताला कात्री लागली, आणि देशभरच्या श्रोत्यांप्रमाणे येथलेही रेडिओ सिलोनकडे वळले. शुल्क भरायचे दिल्लीला आणि ऐकायचे कोलंबोला. १९५७ मध्ये विविध भारती सुरू होण्यामागे हे एक कारण होते. कारवार-खानापूरच्या पश्चिम अंगाला पणजीचे केंद्रही लागे; १९६१ पर्यंत ते पोर्तुगीज अमलाखाली होते, तेव्हा तेही या अर्थाने परदेशीच.

महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये २६४ गावे महाराष्ट्राला व २४७ गावे म्हैसूरला देण्याची शिफारस केली, ती अमलात आली नाही. आली असती तरी लायसनच्या पुस्तकात फरक पडण्याचे कारण नव्हते : शुल्क केंद्र सरकारचे, वसुली पोस्टाची, आणि गोळा झालेली रक्कम कोणत्याही प्रसारण केंद्राच्या किंवा भाषेच्या नावे जमा होत नसे.

दूरचित्रवाणी : मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी व पुण्याचे सहक्षेपण १९७३ मध्ये सुरू झाले; बंगळूरचे केंद्र १९८१ चे. सीमाभागाच्या शेजारी दूरचित्रवाणी त्याआधी पोहोचली ती ‘साइट’ या उपग्रह प्रयोगातून (१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६). त्यात विजापूर जिल्ह्यातील गावे होती, पण संच सामुदायिक होते. घरगुती संचांचा प्रसार देशात अल्पशक्ती प्रक्षेपकांच्या १९८४ मधील झपाट्याच्या विस्तारानंतरचा. नेमक्या त्याच सुमारास शुल्क उठले. म्हणून सीमाभागात ‘लायसन’ म्हटल्यावर ज्येष्ठांना आठवतो तो रेडिओच.

मोबदल्याचा वाद : अखेरच्या काळात रेडिओसाठी वर्षाला १५ रुपये व दूरचित्रवाणीसाठी ५० रुपये पडत, म्हणजे दिवसाला अनुक्रमे सुमारे ४ व १४ पैसे. रक्कम म्हणून हे जड नव्हते. जड होती ती पोस्टातील रांग, विलंबाचा अधिभार आणि निरीक्षकाची धास्ती.

एका मतानुसार शुल्क ही सेवेची किंमत आहे. जाहिरातदार व सरकार या दोघांपासूनही प्रसारक मोकळा राहावा, यासाठी श्रोत्याने थेट भरलेला तो पैसा. ब्रिटनमध्ये हे मत रुजले, कारण तेथे प्रसारक स्वायत्त आहे. भारतात आकाशवाणी सरकारी खातेच होते. स्वायत्ततेची शिफारस करणारा वर्गीस समितीचा अहवाल १९७८ चा, प्रसार भारती कायदा १९९० चा व त्याची अंमलबजावणी १९९७ ची. शुल्क उठून बारा-तेरा वर्षे झाल्यावर स्वायत्तता आली, तीही अनुदानावर बेतलेली. शिवाय १९६७ पासून विविध भारतीवर व १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या होत्याच. त्यामुळे किंमत हे मत भारतापुरते लंगडे पडते.

दुसरे मत हा कर आहे असे मानते. ब्रिटनच्याच राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २००६ मध्ये तेथील शुल्काचे वर्गीकरण करात केले. सीमाभागाचा अनुभव या मताला पुष्टी देतो : आकारणी संचाच्या ताब्यावर, दर सर्वांना एक, आणि परताव्याशी संबंध नाही.

तिसरी, मधली भूमिका जर्मन घटना न्यायालयाने २०१८ मध्ये घेतली. तेथे २०१३ पासून शुल्क घरटी आहे, संच असो वा नसो, आणि ते प्रसारण ‘घेता येण्याच्या शक्यते’बद्दल आहे, प्रत्यक्ष वापर गौण. न्यायालयाने हे ग्राह्य धरले, मात्र दुसऱ्या घरासाठी पुन्हा आकारणी अमान्य केली. शक्यतेची ही कसोटी १९५० च्या दशकातील निपाणीला लावून पाहण्यासारखी आहे. सांगली केंद्र येण्याआधी तेथे दिवसा स्वभाषेतील भरवशाचे केंद्र मिळण्याची शक्यता फार थोडी, आणि दर मात्र मुंबईतल्या गिरगावकराइतकाच. १९६३ नंतर ती तक्रार निपाणीपुरती बरीच निवळली, खानापूरला कमी. स्वित्झर्लंडमध्ये शुल्क रद्द करण्याचा प्रस्ताव मार्च २०१८ च्या सार्वमतात ७१.६ टक्के मतांनी फेटाळला गेला, त्यामागे फ्रेंच, इटालियन, रोमान्श या लहान भाषागटांना मोठ्या गटाच्या पैशातून मिळणारी सेवा हाही मुद्दा होता. आकाशवाणीच्या शुल्कातही असे भाषिक समभाजन होतेच; फक्त स्वित्झर्लंडमध्ये भाषागटाकडे पाहून केंद्रे वाटली जात आणि भारतात राज्याच्या हद्दीकडे पाहून.

समाप्ती व नंतर : शुल्क रद्द झाल्याचे वर्ष काही ठिकाणी १९८४, काही ठिकाणी १९८५ असे दिले जाते. स्वस्त एक-दोन बँडच्या संचांना आधीच सूट मिळालेली असल्याने शेवट टप्प्याटप्प्याने झाला असे धरून ‘१९८४ च्या सुमारास’ म्हणणे इष्ट. कारणे उघड आहेत. खिशात मावणाऱ्या ट्रान्झिस्टरची तपासणी कोण करणार? १९३३ चा कायदा मात्र कागदावर राहिला. तो व १८८५ चा तार कायदा या दोहोंच्या निरसनाची तरतूद २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आहे.

दूरदर्शनच्या २००४ मध्ये सुरू झालेल्या विनामासिकशुल्क उपग्रह सेवेवर (आता ‘फ्री डिश’) सह्याद्री व चंदना या दोन्ही वाहिन्या एकाच छत्रीवर दिसतात. केबल व खासगी डीटीएच ग्राहकाला फेब्रुवारी २०१९ पासून १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये जाळेक्षमता शुल्क (नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोहोचवण्याचा आकार) व त्यावर १८ टक्के कर, म्हणजे महिन्याला १५३ रुपये ४० पैसे, कोणतीही सशुल्क वाहिनी न निवडता द्यावे लागू लागले. नंतर त्याच रकमेत वाहिन्यांची संख्या वाढवण्यात आली. सशुल्क वाहिन्यांचे पॅक बहुधा भाषावार असल्याने मराठी व कन्नड दोन्ही पाहणाऱ्या बेळगावच्या घराला, पॅक घ्यायचे झाल्यास, त्यावर दोन पॅक घ्यावे लागतात.