कार्डावरची सतरावी खोली

लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या नव्याकोऱ्या मायक्रोएसडी कार्डावर भाच्याने नवी ऑपरेटिंग सिस्टीम कॉपी केली, पाइनफोन या लिनक्सवर चालणाऱ्या फोनचं मागचं झाकण काढून ते आत सरकवलं आणि बटण दाबून धरलं. स्क्रीनवर आली ती जुनीच सिस्टीम. "मामा, सगळ्या फाइल्स तर कॉपी केल्यात!" फाइल्स होत्याच, एकही कमी नव्हती. गोम अशी की ज्याने पहिल्यांदा कार्ड वाचायचं, त्याला फाइल म्हणजे काय हेच ठाऊक नसतं.

फोन सुरू होताना सर्वांत आधी जागा होतो तो चिपमध्ये कायमचा कोरलेला इवलासा प्रोग्राम, बूट रॉम. तो पुसता येत नाही, बदलताही येत नाही. पाइनफोनच्या ऑलविनर ए६४ चिपमधला बूट रॉम आधी कार्डाकडे वळतो, मग फोनच्या आतल्या स्टोरेजकडे. त्याला येतं ते फक्त मोजणं.

गिरगावातल्या चाळीची लांबलचक गॅलरी आठवा. कार्डावरही तशाच ओळीने खोल्या असतात, प्रत्येकीत ५१२ बाइट. बूट रॉम दारावरच्या पाट्या वाचत नाही. शून्यापासून मोजत तो तडक १६ क्रमांकाच्या, म्हणजे सतराव्या खोलीत शिरतो आणि तिथे ठरलेली आठ अक्षरी खूण शोधतो. खूण सापडली, चेकसमची, म्हणजे मजकूर शाबूत आहे का हे तपासायची, बेरीज जुळली, की तिथला प्रोग्राम उचलतो. नाहीतर मागे फिरतो. माउसने ओढून टाकलेल्या फाइल्स मात्र पार्टिशनमध्ये, म्हणजे फाइल्ससाठी आखून ठेवलेल्या भागात जातात, आणि तो सहसा किमान १ मेगाबाइट सोडून, २०४८ क्रमांकाच्या किंवा त्याही पुढच्या खोलीपासून सुरू होतो. सतरावी खोली रिकामीच! म्हणून सिस्टीमची इमेज, म्हणजे अख्ख्या कार्डाची हुबेहूब नक्कल, नुसती कॉपी करून भागत नाही. ती कार्डावर पहिल्या बाइटपासून जशीच्या तशी लिहावी लागते.

उचललेला हा पहिला प्रोग्राम जेमतेम ३२ किलोबाइटचा. कारण फोनची दोन-तीन गिगाबाइट रॅम अजून झोपलेलीच असते. तिचा वेग, तिच्या वेळा जुळवल्याशिवाय ती वापरता येत नाही. तोवर चिपच्या पोटातल्या चिमूटभर मेमरीतच सगळा संसार. तेवढ्या जागेत बसून हा प्रोग्राम रॅमला उठवतो आणि यू-बूट नावाच्या मोठ्या भावाला बोलावतो. मला हा टप्पा फार सुंदर वाटतो. यू-बूटला फाइल्स कळतात. तो कार्डावरचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, शोधून रॅममध्ये ठेवतो, आणि पुढचा कारभार कर्नलचा.

कार्ड घेताना त्यावर ए१ ची खूण बघा. सिस्टीम इथून थोडं, तिथून थोडं वाचते. ए१ मध्ये अशी सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं होतात. नुसतं 'क्लास १०' सलग लिहिण्याचा वेग सांगतं.

बाजारातले बहुतेक अँड्रॉइड फोन कार्डावरून सुरू होत नाहीत. त्यांच्या स्लॉटमधल्या कार्डावर फोटो ठेवता येतात, पण सुरुवातीला चिप आतल्या स्टोरेजकडेच जाते आणि कंपनीची डिजिटल सही असलेला प्रोग्रामच चालवते. फोन चोराच्या हाती पडला तर हे बरंच. पण आतलं स्टोरेज बिघडलं की धडधाकट फोन भंगारात जातो, आणि ते मला मनापासून खटकतं.

रात्री आम्ही इमेज नीट लिहिली. कार्ड घातलं, नवी सिस्टीम आली. काढलं, जुनी आली, भाच्याच्या सगळ्या मेसेजेससकट. त्याने पुन्हा कार्ड घातलं.