४२९ कोटींचा तो आकडा, जिथे फर्माचा अंदाज फसला

४,२९,४९,६७,२९७ हा आकडा नुसता बघितला तर काही विशेष वाटत नाही, पण ३२ वेळा २ घेऊन गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा, की हा येतो, आणि याच्यामागे जवळपास शंभर वर्षांची गोष्ट आहे.

१६४० च्या सुमारास फ्रेंच गणितज्ञ फर्मा पत्रांमधून एक अंदाज मांडत होता. २ चा घात १, २, ४, ८, १६ असा दुप्पट करत जायचा आणि उत्तरात १ मिळवायचा. येतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या! म्हणून पुढच्या सगळ्याही मूळच असणार, असं त्याला ठामपणे वाटत होतं, सिद्धता मात्र नव्हती आणि ते त्याने लिहिलंही होतं. पुढचा घात ३२, म्हणजे आपला हाच आकडा.

१७२९ मध्ये गोल्डबाख या गणितज्ञाने पत्रातून दुसरा गणितज्ञ ऑयलर याला याबद्दल विचारलं आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिलं की याला ६४१ ने पूर्ण भाग जातो, उत्तर ६७,००,४१७. संपला अंदाज.

आता खरी मजा. ऑयलरने नंतर सिद्ध केलं की या आकड्याचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीपेक्षा १ ने जास्तच असतो, त्यामुळे एकेक संख्या तपासत बसायची गरजच नाही, अशा मूळ संख्या तेवढ्या क्रमाने घ्यायच्या, १९३, २५७, ४४९, ५७७ आणि लगेच ६४१, पाचव्या प्रयत्नात काम झालं. आणि मला सगळ्यात जास्त चटका लावणारी गोष्ट ही की या युक्तीच्या मुळाशी असलेला प्रमेय फर्माचाच आहे, तोही १६४० चाच, आणि तसल्याच विचाराने त्याने २ च्या ३७ व्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या संख्येचा २२३ हा अवयव शोधला होता. हत्यार हातात होतं, तरी इथे निसटलं.

६४१ का चालतो ते कागदावर चार ओळींत दिसतं. ६४१ म्हणजे ५ गुणिले १२८ अधिक १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ अधिक १६. पहिल्यावरून, ६४१ ने भागताना ५ गुणिले १२८ ची बाकी उणे १ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी) धरता येते, चौथा घात घेतला की ६२५ गुणिले २ चा २८ वा घात, याची बाकी १. दुसऱ्यावरून ६२५ च्या जागी उणे १६ टाका, की २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ येते, त्यात १ मिळवला की शून्य. इतकं सुंदर गणित फार कमी ठिकाणी सापडतं.

पुढच्या, ६४ घाताच्या २० अंकी संख्येचे अवयव लँड्री या गणितज्ञाने १८८० मध्ये दिले, वय ८२! त्यानंतरचं काम कॉम्प्युटरकडे गेलं. ६५,५३७ नंतर या मालिकेत एकही मूळ संख्या आजवर सापडलेली नाही. क्रमांक शून्यापासून मोजले तर आपला आकडा ५ वा, आणि ५ ते ३२ सगळ्या संयुक्त ठरल्यात. ३३ वी लिहायचीच झाली तर २५८ कोटींहून जास्त अंक लागतील, ती मूळ आहे की संयुक्त हे अजून कुणालाच ठरवता आलेलं नाही.