अ‍ॅम्ब्युलन्समधला कॅमेरा आणि मिनिटांचा हिशोब

डिसेंबर १९९५ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचा निकाल आला आणि लकव्याच्या, म्हणजे स्ट्रोकच्या, उपचारामागे घड्याळ लागले. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारे टीपीए हे इंजेक्शन तीन तासांच्या आत मिळाले, तर रुग्ण पुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहण्याची शक्यता वाढते, हे त्यात दिसले. २००८ मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मुदत साडेचार तासांवर नेली. अट मात्र सुटली नाही: आधी सीटी स्कॅन. लकवा गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे नुसते रुग्णाकडे पाहून सांगता येत नाही, आणि रक्तस्राव असताना हे इंजेक्शन दिले तर ते जिवावर बेतते.

न्यूरॉलॉजिस्ट, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ, तर मोजकेच, तेही मोठ्या शहरांत. म्हणून १९९९ मध्ये दोन अमेरिकी डॉक्टरांनी 'टेलिस्ट्रोक' हा शब्द मांडला: तज्ज्ञाने दूरच्या रुग्णालयातला रुग्ण पडद्यावर तपासायचा. त्याच सुमारास बाल्टिमोरमध्ये मेरीलँड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी कॅमेरा थेट अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बसवून पाहिला. कल्पना काळाच्या पुढे होती, मोबाइल नेटवर्क मात्र नव्हते.

नेटवर्कची ही अडचण पुढे बरीच वर्षे पुरली. बर्लिनमध्ये डॉक्टरांनी धावत्या अ‍ॅम्ब्युलन्समधून थ्रीजीवर तपासणीची रंगीत तालीम घेतली. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आले: ३० पैकी १८ वेळा तपासणी पुरीच होऊ शकली नाही. रुग्णाला हात समोर उचलून दहा सेकंद धरायला सांगितले आणि सहाव्या सेकंदाला चित्र गोठले, तर हात खाली आला की नाही, हे डॉक्टरने कशावरून ठरवायचे? ब्रसेल्सच्या विद्यापीठ रुग्णालयातल्या गटाने याच अडचणीवर नेटाने काम केले. गाडीतल्या माणसाची मदत न घेता पडद्यावरूनच करता येईल, अशी तपासणीची छोटी मोजपट्टी त्यांनी तयार केली.

जर्मनीने दरम्यान वेगळा आणि खर्चिक मार्ग धरला: सीटी स्कॅनर गाडीतच चढवायचा. क्लाउस फासबेंडर यांच्या गटाने २००८ मध्ये होम्बुर्ग इथे अशी पहिली गाडी रस्त्यावर आणली. २०१२ च्या त्यांच्या अहवालात फोन आल्यापासून उपचाराचा निर्णय होईपर्यंतचा वेळ ७६ मिनिटांवरून ३५ वर आला होता. बर्लिनमधल्या अशाच स्कॅनरच्या गाडीत न्यूरॉलॉजिस्ट स्वतः बसे. तिच्या खर्चाचा अभ्यास २०१५ मध्ये आला: निरोगी आयुष्याच्या एका वर्षामागे सुमारे ३२,४५६ युरो. श्रीमंत देशांच्या मापाने हा खर्च परवडणारा धरला जातो.

माझ्या मते या साऱ्या इतिहासातला कळीचा क्षण इथे आहे. आकड्याच्या मागे पाहिले, तर गाडी आणि स्कॅनरइतकाच जड खर्च माणसांचा असतो. फोन येईपर्यंत एक तज्ज्ञ दिवसभर एकाच गाडीत अडकून पडतो. तोच पडद्यावर असला तर दोन-तीन गाड्या सांभाळेल. पण तो तितकेच अचूक ठरवेल का? २०१७ मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी याचे उत्तर दिले. गाडीतला आणि दूरचा न्यूरॉलॉजिस्ट यांनी एकाच रुग्णाबद्दल इंजेक्शनचा स्वतंत्र निर्णय घेतला, आणि ८८ टक्के वेळा तो सारखा निघाला.

नुसत्या कॅमेऱ्याचा हिशोब आणखी निराळा. तो स्कॅन करू शकत नाही, म्हणून इंजेक्शन रुग्णालयातच द्यावे लागते. पण रुग्ण पोहोचण्याआधी तिथला स्कॅनर मोकळा होतो, माणसे दारात उभी असतात. अशी किती मिनिटे वाचली की कॅमेऱ्याचा खर्च भरून निघतो, हाच इथला खरा प्रश्न. २०१४ मधल्या एका गणितानुसार वाचलेल्या एका मिनिटामागे रुग्णाला सरासरी १.८ दिवस निरोगी आयुष्य मिळते. व्हर्जिनियाच्या ग्रामीण भागात, जिथे रुग्ण विखुरलेले आणि स्कॅनरची गाडी बहुतेक वेळ रिकामी उभी राहील, तिथे साध्या टॅबलेटवर असा प्रयोग झाला.

२०१५ नंतर हिशोबात आणखी एक रकाना वाढला. मोठी गुठळी नळी घालून ओढून काढण्याचा उपचार सिद्ध झाला, पण तो ठरावीक केंद्रांतच होतो. चुकीच्या रुग्णालयात नेले तर दुसरी अ‍ॅम्ब्युलन्स, दुसरा प्रवास आणि गेलेला वेळ. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, उत्तर लंडन आणि पूर्व केंटमध्ये अ‍ॅम्ब्युलन्सच्या कर्मचाऱ्यांनी रुग्णाच्या घरूनच स्ट्रोकतज्ज्ञाला व्हिडिओ कॉल लावायला सुरुवात केली. लकवा नाही असे दिसले, तर गाडी स्ट्रोक केंद्राकडे न जाता दुसरीकडे वळे, आणि केंद्रातली खाट खऱ्या रुग्णासाठी मोकळी राही.