मानवी शरीररचना व शरीरक्रिया (विज्ञान स्पर्धेसाठीचा अभ्यास)

शरीराचा कुठला भाग कुठे आहे ते ॲनाटॉमी आणि तो चालतो कसा ते फिजिऑलॉजी, स्पर्धेला दोन्ही एकत्रच करावं लागतं. अमेरिकेतल्या सायन्स ऑलिम्पियाडमध्ये याच नावाचा वेगळा इव्हेंट असतो, दोघांची टीम बसते आणि कुठल्या सिस्टीम येणार ते दरवर्षी बदलतं. आपल्याकडे वेगळा पेपर नाही. सहावी आणि नववीला होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा, पुढे एनएसईबी (बायोलॉजीची देशपातळीवरची पहिली चाळणी परीक्षा), त्यातून निवड झाली की इंडियन नॅशनल बायोलॉजी ऑलिम्पियाड.

नाशकात कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या क्लासची बहुतेक पोरं नीटच्या मागे असतात, तिथे 720 पैकी 360 मार्क बायोलॉजीचे, त्यामुळे पाया आपोआप होतो पण सवय पाठांतराची लागते आणि ऑलिम्पियाडला तीच नडते. हाडं 206 हे सगळ्यांनाच येतं. त्यातली 106 नुसत्या हातापायांच्या पंजांत, हे लक्षात असलं तर बाकीची मोजणी पटकन जुळते.

खरी मजा फिजिऑलॉजीत आहे. हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिली रक्त ढकलतं, मिनिटाला 72 ठोके, म्हणजे झाले 5 लिटर. आता सावरपाड्याच्या कविता राऊतसारख्या लांब पल्ल्याच्या धावपटूंचा विचार करा, अशांचे आरामातले ठोके बऱ्याचदा 60 च्या खाली असतात, समजा 50 धरले आणि रक्त तेवढंच लागतंय तर एका ठोक्याला 100 मिली जायला हवं! प्रश्न असेच येतात. पांडवलेणीच्या पायऱ्या चढायच्या आधी नि वर पोचल्यावर नाडी मोजून बघा, हा धडा कुठल्याही नोट्सपेक्षा चांगला बसतो.

आरोग्य विद्यापीठ म्हसरूळलाच असल्यामुळे एमबीबीएस किंवा बीएएमएसवाला दादा-ताई ओळखीत निघतोच आणि जाडजूड पुस्तकं देतो, ती सध्या राहू द्या, अकरावीचं पुस्तक नीट झालं तरी पुष्कळ. त्यापेक्षा मटणवाल्याकडून बोकडाचं हृदय आणा (घरी चालत असेल तर), उभं कापलं की डाव्या निलयाची (हृदयाच्या खालच्या कप्प्याची) भिंत उजव्यापेक्षा केवढी जाड ते दिसतं, कारण तिला रक्त सगळ्या अंगभर ढकलायचं असतं, उजवीला फक्त फुप्फुसापर्यंत. किडनी मात्र जपून, माणसाच्या किडनीत पिरॅमिड (आतले शंकूसारखे भाग) वेगवेगळे अनेक असतात आणि बोकडाच्या किडनीत ते एकत्र जुळून एकच कंगोरा झालेला असतो, त्यामुळे तीच बघून डायग्राम काढला तर मार्क जातील.