तीन मिलिलिटरची बाटली आणि गडचिरोलीची गिधाडं

पेरणीच्या तोंडावर बैलाचा पाय सुजला, तर कास्तकाराला थांबून चालत नाही. वाफसा दोन-चार दिवसांचा, गुरांचा दवाखाना लांब आणि डॉक्टर दौऱ्यावर. मग मेडिकलमधून इंजेक्शन आणायचं आणि गावातल्या एखाद्या जाणत्याकडून टोचून घ्यायचं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून हे इंजेक्शन बऱ्याचदा डायक्लोफेनॅकचं असे. स्वस्त, आणि सूज लवकर उतरवणारं. पण इंजेक्शन घेऊनही एखादं ढोर दगावतंच. ते गावाबाहेर टाकलं की पुढचं काम गिधाडांचं.

गिधाडाचं पोट सडक्या मांसातले भलेभले जंतू पचवतं. या औषधापुढे मात्र त्याचं काही चालत नाही. पक्षी आपल्यासारखी लघवी करत नाहीत. शरीरातला नको असलेला नायट्रोजन ते युरिक ॲसिडच्या रूपात बाहेर टाकतात. विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. डायक्लोफेनॅक असलेलं मांस खाल्लं की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात, युरिक ॲसिड रक्तात साचत जातं आणि यकृतावर, हृदयावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर चढतो. काही दिवसांत पक्षी मरतो.

हे कळायला वेळ लागला. राजस्थानातल्या भरतपूरला पक्षी-अभ्यासक विभू प्रकाश यांनी नव्वदच्या दशकात गिधाडं घटत असल्याचं नोंदवलं, तेव्हा आधी संशय एखाद्या साथीवर आणि कीटकनाशकांवर गेला. खरं कारण पाकिस्तानात केलेल्या अभ्यासातून २००४ मध्ये पुढे आलं. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली. लांब चोचीची आणि सडपातळ चोचीची शंभरात तीनच्या आसपास.

हे सगळं व्हायला किती ढोरांमध्ये औषध असावं लागतं? मला तरी हा आकडा सर्वात हादरवणारा वाटतो. शास्त्रज्ञांनी गणित मांडलं तेव्हा उत्तर आलं: उघड्यावर टाकलेल्या शंभर जनावरांत एकाहूनही कमी. गिधाडं थव्याने खातात, एका दिवसात कित्येक किलोमीटर फिरतात आणि जोडी वर्षाला एकच अंडं घालते. म्हणजे नव्याण्णव कास्तकार शहाणपणाने वागले आणि एकाने ती बाटली वापरली, तरी गिधाडं संपणारच. गावसभा घ्या, भिंती रंगवा, शाळेतल्या पोरांची फेरी काढा, या आकड्यापुढे प्रबोधन तोकडं पडतं. सरकारने हात घालावाच लागतो.

पण कुठे? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून होताच. तो शिकाऱ्याला पकडतो, आणि इथे शिकार कुणी करतच नव्हतं. शिवाय आपल्या राज्यकारभाराची गंमत अशी, की गिधाड पर्यावरण मंत्रालयाचं, बैल पशुसंवर्धनाचा आणि बाटली आरोग्य मंत्रालयाच्या औषध नियंत्रकाची. गिधाड वाचवायचा रस्ता या तिसऱ्या दारातून जात होता. २००६ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकचं उत्पादन थांबवायला सांगितलं, २००८ मध्ये राजपत्रात अधिसूचना निघाली. नेपाळ आणि पाकिस्ताननेही २००६ मध्येच बंदी आणली. ते गरजेचंच होतं, कारण गिधाडाला सरहद्द कळत नाही.

बंदीला टेकू मिळाला तो पर्यायी औषधाचा. मेलॉक्सिकॅम हे तशाच कामाचं औषध गिधाडांना बाधत नाही, हे चाचण्यांतून दिसलं होतं. हातात दुसरी बाटली न देता पहिली काढून घेतली असती, तर लंगडणाऱ्या बैलापुढे कुणी राजपत्र वाचत बसलं नसतं.

तरीही पळवाट राहिली. माणसांसाठीचं डायक्लोफेनॅक चालूच होतं, आणि ते ३० मिलिलिटरच्या मोठ्या बाटलीतही मिळे. आता हिशेब करा. माणसाला एका वेळी लागतं साधारण ३ मिलिलिटर, म्हणजे ७५ मिलिग्रॅम. बैलाला किलोमागे १ मिलिग्रॅम धरला, तरी ३०० किलोच्या बैलाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १२ मिलिलिटर लागतं. मोठी बाटली एकदा फोडली की दोन बैलांचं भागून वर उरतं. ही बाटली माणसाच्या नावाने विकली जात होती आणि गोठ्यात रिकामी होत होती.

जुलै २०१५ मध्ये सरकारने माणसांच्या इंजेक्शनवर एकच अट घातली: एका बाटलीत एकच मात्रा, ३ मिलिलिटरची. औषध तेच, भावातही कुणी हात घातला नाही. पण आता एका बैलासाठी चार बाटल्या फोडायच्या, चारदा सुईत भरायचं आणि चारांचे पैसे मोजायचे. त्यापेक्षा मेलॉक्सिकॅम परवडलं. औषध कंपन्या मद्रास उच्च न्यायालयात गेल्या; न्यायालयाने २०१७ मध्ये ही अट कायम ठेवली. प्रत्येक गोठ्यात निरीक्षक उभा करणं कुठल्याच सरकारला जमणार नाही. बाटली भरणारे कारखाने मात्र मोजके असतात, आणि तिथे नियम पाळून घेता येतो. माझ्या मते २००६ च्या बंदीला खरी धार या अटीने आली.

नंतर दुखण्यावरच्या अशाच इतर औषधांची नावं एकेक करून पुढे आली. ॲसिक्लोफेनॅकचं तर गाईच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होतं, म्हणजे नाव बदलून तोच पाहुणा पुन्हा घरात. ते आणि किटोप्रोफेन जनावरांसाठी २०२३ मध्ये बंद झालं, निमेसुलाइड २०२४ संपता संपता. दर वेळी आधी औषध गोठ्यात, मग अभ्यास, मग अधिसूचना. गिधाडांना घातक ठरलेलं औषध जनावरांच्या वापरातून आपोआप बाद व्हावं, असं गिधाड संवर्धनाच्या २०२०–२५ च्या राष्ट्रीय आराखड्यात सुचवलेलं आहे. हा क्रम उलटा करायचा तर तेच हवं.

या सगळ्याचा हिशेब फक्त पक्ष्यांचा नाही. गिधाडं गेली, ढोरं कुजत पडली, कुत्री वाढली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार २००० ते २००५ या काळात त्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची दगावली.

विदर्भात गिधाडं टिकली ती मुख्यतः गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात. तिथे वनविभागाने गावांजवळ खाद्यस्थळं केली, लोक त्यांना गिधाड उपाहारगृह म्हणतात. औषध टोचलेलं जनावर तिथे टाकायचं नाही, हा त्यातला पहिला नियम. जानेवारी २०२४ मध्ये हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून ताडोबा आणि पेंचलाही गिधाडं आणली गेली. त्याच वर्षी ती मोकळी सोडली गेली, म्हणजे चंद्रपूर-नागपूरच्या शिवारातलं ढोरही आता त्यांच्या ताटात येऊ शकतं.

तेव्हा बैलाला इंजेक्शन देण्याआधी बाटलीवरचं नाव वाचून घ्या आणि मेलॉक्सिकॅम मागा. दुसरं कुठलं दुखण्याचं औषध टोचलं असेल आणि जनावर दोन-तीन दिवसांत मेलं, तर ते उघड्यावर टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा.