डॉजर्सचा एकट्याने बोलणारा समालोचक

लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल संघाच्या टीव्ही प्रक्षेपणात समालोचक विन स्कली कित्येक दशकं एकटेच बोलत. इतर बहुतेक संघांकडे एक समालोचक आणि शेजारी माजी खेळाडू अशी जोडी असते, आणि दोघांच्या गप्पा आपण बाहेरून ऐकतो. स्कली थेट ऐकणाऱ्याशी बोलत. या पद्धतीचं मूळ न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, जिथे डॉजर्स आधी होते, तिथले समालोचक रेड बार्बर यांच्याकडे आहे.

न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षं आपसात करार करून रेडिओ समालोचन बंद ठेवलं होतं. घरबसल्या फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढणार, ही भीती. १९३८ मध्ये डॉजर्सचा कारभार हाती घेतलेल्या लॅरी मॅकफेल यांनी तो करार पुढे चालवला नाही आणि १९३९ च्या मोसमासाठी सिनसिनाटीहून बार्बर यांना आणलं. त्याच वर्षी २६ ऑगस्टला डॉजर्सच्या एबेट्स फील्ड या मैदानावरून मोठ्या लीगचं, म्हणजे मेजर लीग बेसबॉलचं, पहिलं टीव्ही प्रक्षेपण झालं. कॅमेरे दोन. बार्बर यांच्यासमोर मॉनिटर नव्हता. कोणत्या कॅमेऱ्याचा दिवा लागलाय यावरून प्रेक्षकाला काय दिसत असेल ते ताडायचं.

परगावचे सामने तेव्हा स्टुडिओतून, तारेवर आलेल्या मजकुरावरून सांगितले जात. मैदानावरचा तारवाला प्रत्येक चेंडू दोन-तीन अक्षरांत पाठवी: पहिला स्ट्राइक (बॅटरविरुद्ध मोजला जाणारा चेंडू, असे तीन झाले की बाद), बॅटरने सोडलेला, पहिला बॉल (टप्प्याबाहेर टाकलेला चेंडू), खालून गेलेला. बाकी सगळं समालोचकाने भरायचं. कुणी लाकडावर काठी आपटून बॅटचा आवाज काढत, कुणी प्रेक्षकांच्या गलक्याची तबकडी लावत. खरी पंचाईत तार तुटल्यावर होई. पुढे काय झालं ते ठाऊक नसताना धावफलक हलवता येत नाही, म्हणून बॅटरला फाउलमागून फाउल (रेषेबाहेर जाणारे फटके) मारायला लावायचं, कारण दोन स्ट्राइकनंतर साध्या फाउलने काहीच बदलत नाही. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन डे मॉइनच्या रेडिओ केंद्रावर असताना त्यांनी हेच केलं होतं. बार्बर मात्र तारयंत्राची टिकटिक मुद्दाम ऐकू देत. समोर सामना नाही हे श्रोत्याला कळलंच पाहिजे, हा त्यांचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो. टेबलावर ते तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवत; वाळू संपली की धावसंख्या सांगायची आणि ते उलटं करायचं. रेडिओ कुणी कधीही लावतो, त्याला ताटकळत ठेवायचं नाही.

स्कली १९५० मध्ये, बाविसाव्या वर्षी, डॉजर्सच्या समालोचन कक्षात आले. १९५३ च्या मोसमानंतर बार्बर यांनी डॉजर्स सोडलं. १९५८ मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला आणि चार मोसम कोलिझियममध्ये खेळला. ते ॲथलेटिक्स आणि फुटबॉलचं प्रचंड मैदान. मागच्या रांगांतून चेंडू नीट दिसत नसे, आणि नव्या शहराला खेळाडूही ओळखीचे नव्हते. लोक ट्रान्झिस्टर घेऊन येऊ लागले आणि समोरचा सामना स्कलींकडून समजून घेऊ लागले. मालक वॉल्टर ओ'मॅली टीव्हीवर सामने फारसे देत नसत, मुख्यतः सॅन फ्रान्सिस्कोतले तेवढे. त्यामुळे शहराची सवय रेडिओचीच राहिली.

स्पॅनिश समालोचन १९५८ मध्येच सुरू झालं, रेने कार्देनास यांच्या आवाजात. १९५९ मध्ये इक्वाडोरहून आलेले हायमे हारिन सामील झाले. सुरुवातीच्या वर्षांत परगावचे सामने हे लोक स्टुडिओत बसून, कानात इंग्रजी समालोचन ऐकत, एखाद्या वाक्याच्या अंतराने स्पॅनिशमध्ये सांगत. १९८१ मध्ये मेक्सिकोच्या फर्नांडो व्हॅलेन्झुएला या पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) शहर वेडं केलं, तेव्हा त्याचे दुभाषेही हारिनच होते. ते २०२२ पर्यंत बोलत राहिले.

पुढच्या काळात स्कलींच्या पहिल्या तीन इनिंग (सामन्यात साधारण नऊ असतात) टीव्ही आणि रेडिओवर एकदमच जात. नंतर ते फक्त टीव्हीवर. दोन्हीकडे एकदम बोलणं हे अवघड काम. रेडिओला प्रत्येक हालचाल सांगावी लागते, आणि तेवढंच बोलणं टीव्हीवर कटकट होऊ शकतं. २०१४ मध्ये संघाची स्वतंत्र केबल वाहिनी सुरू झाली, पण दरावरून इतर वितरकांशी वाद अडला आणि शहरातल्या असंख्य घरांत सामने दिसेनासे झाले. ६७ मोसमांनंतर, २ ऑक्टोबर २०१६ ला, स्कली थांबले. त्या अखेरच्या मोसमांत या घरांना बहुतेक सामन्यांत स्कली ऐकू आले ते रेडिओवरच्या तीन इनिंगपुरतेच. वाद मिटायला २०२० उजाडलं. तोवर टीव्हीच्या कक्षात जो डेव्हिस आणि माजी पिचर ओरेल हर्शायझर अशी जोडी बसत होती.