गोव्याचे वाहतूक नियोजन: आधी पूल, मग अभ्यास

२०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार भरली आणि त्यांतले ६२ टक्के लोक नागरी भागात राहतात असे आढळले. देशातल्या कोणत्याही राज्यापेक्षा हे प्रमाण अधिक होते. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, ते पन्नास टक्क्यांच्या किंचित खाली होते. ही वाढ कोणत्याही एका मोठ्या शहरात झालेली नाही. पणजी महापालिकेच्या हद्दीत तेव्हा जेमतेम ४० हजार माणसे राहत होती, आणि पणजी, मडगाव, मुरगाव यांचे भोवतालच्या वस्त्यांसह धरलेले नागरी समूहही प्रत्येकी सव्वा लाखाच्या आतच होते. वाढले ते पर्वरी, ताळगाव, मेरशी, सांताक्रूझ, कळंगुट यांच्यासारखे भाग, ज्यांना जनगणनेने नगर म्हटले, पण ज्यांचा कारभार पंचायतींकडेच राहिला. म्हापशाहून पर्वरीमार्गे पणजी, तेथून जुने गोवे आणि फोंडा, दुसरीकडे बांबोळी, वेर्णा, मडगाव आणि वास्को असा हा वस्तीचा पट्टा आज जवळजवळ सलग झाला आहे. पेडण्यात राहणारा माणूस वेर्ण्याला नोकरी करतो, केप्यातला विद्यार्थी ताळगावच्या पठारावरील विद्यापीठात येतो. लोकांच्या रोजच्या ये-जा करण्याचा विचार केला, तर ३,७०२ चौरस किलोमीटरचे हे राज्य म्हणजे एकच विखुरलेले महानगर आहे.

कायद्याच्या दृष्टीने मात्र ते महानगर नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने महानगर क्षेत्रासाठी दहा लाख लोकसंख्येची अट घातली आणि अशा क्षेत्रासाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली. गोव्याची सगळी नागरी लोकसंख्या एकत्र केली तरी २०११ मध्ये ती ९ लाखांच्या आसपास होती, आणि तीही एका शहराभोवती नव्हती. त्यामुळे मुंबई किंवा पुण्यासाठी ज्या प्रकारचे प्रादेशिक वाहतूक अभ्यास झाले, तसा अभ्यास करण्याची कायदेशीर जबाबदारी येथे कोणाकडेही आपोआप आली नाही. शहरांचे आराखडे नियोजन व विकास प्राधिकरणांनी केले, महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याने आणि केंद्राने आखले, फेरीबोटी नदी परिवहन खात्याने चालवल्या, बसगाड्या कदंब महामंडळ आणि खासगी मालकांनी. प्रवासी एकच असला तरी त्याच्या प्रवासाचे तुकडे असे वेगवेगळ्या खात्यांच्या फायलींत विभागले गेले आणि गोव्याच्या वाहतुकीचा पुढचा बहुतेक इतिहास याच विभागणीतून घडला.

प्रादेशिक वाहतूक अभ्यासाची पद्धत अमेरिकेत १९५० च्या दशकात आकाराला आली. डेट्रॉईटमध्ये १९५३ पासून आणि शिकागोत १९५५ पासून झालेल्या अभ्यासांत घरोघर जाऊन माणसे कोठून कोठे, कशासाठी आणि कोणत्या साधनाने जातात हे विचारण्यात आले, आणि त्या उत्तरांवरून पुढच्या पंचवीस वर्षांचा अंदाज बांधण्यात आला. किती प्रवास उत्पन्न होतील, ते कोणत्या भागांमध्ये होतील, त्यांतले किती बसने आणि किती मोटारीने होतील, आणि शेवटी ते कोणत्या रस्त्यावर येतील, अशा चार टप्प्यांनी हे गणित मांडले जाते. १९६२ च्या कायद्याने तेथे पन्नास हजारांवरील नागरी क्षेत्रांत असे नियोजन सातत्याने आणि सर्व संस्थांनी मिळून करणे हे रस्त्यांसाठी केंद्रीय निधी मिळण्याची अटच झाली. त्याच सुमारास विल्बर स्मिथ या सल्लागार संस्थेने मुंबईचा वाहतूक अभ्यास हाती घेतला. त्या वेळी गोवा मुक्त होऊन फार तर वर्ष लोटले होते.

पोर्तुगीज राजवटीने गोव्याला जे दिले त्यात दोन कामे ठळक आहेत आणि दोन्ही नदी-खाडीच्या भूगोलाशी झगडून झालेली आहेत. पणजी आणि रायबंदर यांना जोडणारा, दलदलीवरून जाणारा सुमारे तीन किलोमीटरचा बांध व्हाइसरॉय कौंट लिन्यारिस याच्या काळात, १६३० च्या दशकात बांधला गेला. तो आजही वापरात आहे. दुसरे काम रेल्वेचे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून मडगाव, कुळे आणि दूधसागरच्या घाटातून कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज मार्ग झाला आणि १८८८ पर्यंत तो ब्रिटिश भारतातल्या लोहमार्गाला जोडला गेला. तो बंदराच्या व्यापारासाठी होता. राजधानी पणजी त्यावर नव्हतीच. गोव्यातली माणसे एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जात ती होडीने, नंतर फेरीबोटीने, आणि मांडवी व जुवारी या दोन नद्यांनी तिसवाडीला बार्देश आणि सासष्टीपासून असे वेगळे ठेवले होते की प्रत्येक तालुक्याची बाजारपेठ आपापल्या जागी टिकून होती. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आणि मडगावचा बाजार यांचे महत्त्व या अंतरातूनही वाढले असणार.

मुक्तीनंतर पहिले मोठे पाऊल पडले ते पुलांचे. सत्तरच्या दशकाच्या आरंभी मांडवीवर नेहरू पूल झाला आणि १९८३ मध्ये आगशी व कुठ्ठाळी यांच्यामध्ये जुवारी पूल खुला झाला. या दोन पुलांनी गोव्याचा नकाशा बदलला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही, कारण पत्रादेवीपासून पोळेपर्यंतचा महामार्ग, म्हणजे तेव्हाचा राष्ट्रीय महामार्ग १७ आणि आताचा ६६, त्यांच्यामुळेच सलग झाला, आणि जे पूर्वी फेरीबोटीच्या वेळापत्रकावर अवलंबून होते ते अंतर अर्ध्या तासाचे झाले. नेमका याच वेळी, पुलांमुळे वस्ती कोणत्या बाजूला सरकेल, याचा अभ्यास व्हायला हवा होता. तो त्या काळी प्राधान्याचा विषय नव्हता.

५ जुलै १९८६ रोजी नेहरू पूल कोसळला. त्याच्या पूर्वताणित काँक्रीटमधल्या पोलादी तारा खाऱ्या हवेत गंजल्या होत्या. जेमतेम दीड दशक वापरलेल्या पुलाची सवय किती खोलवर रुजली होती, हे पणजी-बेती फेरीबोटीवर पडलेल्या भाराने दाखवून दिले. नवा पूल १९९२ मध्ये झाला, त्याच्या शेजारी दुसरा १९९८ मध्ये, आणि केबलवर तोललेला तिसरा अटल सेतू २७ जानेवारी २०१९ रोजी खुला झाला. प्रत्येक वेळी युक्तिवाद तोच होता: कोंडी झाली आहे, पूल हवा. मात्र मधल्या काळात मागणी वाढवणारे निर्णय वेगळ्या टेबलांवर होत राहिले. २००० मध्ये विधानसभा आणि सचिवालय मांडवी ओलांडून पर्वरीला गेले, उच्च न्यायालयाची नवी इमारतही २०२१ मध्ये तेथेच उभी राहिली. गोवा वैद्यकीय महाविद्यालय पणजीतून बांबोळीच्या पठारावर आले, विद्यापीठ ताळगावच्या पठारावर, मोठी औद्योगिक वसाहत वेर्ण्याच्या पठारावर. या सर्व जागा महामार्गाला लागून किंवा त्याच्या जवळ आहेत, पण जुन्या गावांच्या चालत जाण्याच्या टप्प्यात एकही नाही. म्हणून कोंडी नदीवरून सरकून पर्वरीत आली आणि आता तेथे उन्नत मार्ग उभारला जात आहे.

जमिनीच्या वापराचे नियोजन आणि वाहतुकीचे नियोजन यांची सांगड घालण्याची संधी प्रादेशिक आराखड्यात होती. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली ऐंशीच्या दशकात पहिला प्रादेशिक आराखडा २००१ सालापर्यंतचे उद्दिष्ट ठेवून तयार झाला. दुसरा, २०११ साठीचा, २००६ मध्ये अधिसूचित झाला आणि शेतजमिनी व डोंगर बांधकामाला मोकळे केल्याच्या आरोपावरून गोवा बचाव अभियानाने उभारलेल्या जनआंदोलनानंतर २००७ च्या आरंभी रद्द करावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कुरैया उपाध्यक्ष असलेल्या कृती दलाने २०२१ चा आराखडा केला, ज्याचे मसुदे ग्रामसभांपर्यंत नेण्यात आले. गावोगाव हरकती आल्या त्यांत प्रस्तावित रुंद रस्त्यांबद्दलच्या हरकती ठळक होत्या, आणि त्या समजून घेण्याजोग्या होत्या. रस्ता रुंद झाला की बांधकामाची परवानगीही वाढते, हे लोकांनी अनुभवाने ओळखले होते. रस्ता कोणाच्या प्रवासासाठी, याचे आकडे समोर नसतील तर त्याकडे जमिनीच्या व्यवहाराची नांदी म्हणूनच पाहिले जाणार. २०११ मध्ये अधिसूचित झालेला हा आराखडा पुढच्याच वर्षी स्थगित ठेवला गेला आणि त्यानंतर जमीन-वापराचे बदल कायद्यातील निरनिराळ्या कलमांखाली, भूखंडागणिक होऊ लागले. असे बदल होत असताना पंचवीस वर्षांच्या प्रवासाचा अंदाज बांधणे जवळजवळ अशक्य होते, कारण त्या अंदाजाचा पायाच कोठे किती वस्ती येणार हा असतो.

कोकण रेल्वेचा वाद हा गोव्यातल्या वाहतूकविषयक सार्वजनिक चर्चेचा सर्वांत समृद्ध अध्याय आहे. १९९० मध्ये महामंडळ स्थापन झाले आणि मार्ग किनारी तालुक्यांतून, खाजन म्हणजे खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल जमिनींवरून जाणार हे स्पष्ट होताच विरोध सुरू झाला. मानशींनी, म्हणजे बांधातल्या झडपांच्या दारांनी, खाऱ्या पाण्याचे नियमन करणारी शतकांची व्यवस्था भरावांमुळे तुटेल, पूर साचेल, वारसा-वास्तू असलेल्या जुन्या गोव्याजवळून गाड्या जातील, असे आक्षेप होते. पर्याय म्हणून अंतर्भागातून मार्ग सुचवण्यात आला. काही काळ काम थांबले, निवृत्त न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला, आणि शेवटी आखणी मुख्यतः तीच राहिली. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला झाला. गोव्यात त्याची लांबी सुमारे १०५ किलोमीटर असून पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण ही स्थानके राज्याच्या कण्यावरच आहेत. एवढे असूनही हा मार्ग मुंबई आणि मंगळुरूच्या दृष्टीने आखला गेला आणि चालवला गेला. म्हापशासाठीचे थिवी आणि पणजीसाठीचे करमळी ही दोन्ही स्थानके शहरांपासून दूर, तेथून पुढे नेणारी बस विरळ. त्यामुळे म्हापशाहून पणजीला रोज कामाला जाणाऱ्याला या लोहमार्गाचा फारसा उपयोग झाला नाही. या लेखकाच्या मते ही गोव्याने गमावलेली सर्वांत मोठी संधी आहे, आणि ती अजूनही पूर्ण गेलेली नाही.

त्याच महामंडळाने मडगावात स्कायबसचा, म्हणजे उंचावरच्या मार्गाला लटकून धावणाऱ्या डब्यांचा, प्रयोग केला. २००४ च्या सप्टेंबरात चाचणीच्या वेळी डबा आदळून एका कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला, काम थांबले आणि काही वर्षांनी तो सांगाडा उतरवण्यात आला.

केंद्राच्या धोरणाचा सूर २००६ मध्ये बदलला. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांऐवजी माणसांच्या हालचालीला प्राधान्य द्यावे असे म्हटले, आणि पुढे शहरांकडून सर्वंकष वाहतूक आराखड्याची अपेक्षा केली जाऊ लागली. पणजी आधी जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान अभियानात आणि नंतर, २०१६ मध्ये, स्मार्ट सिटी अभियानात समाविष्ट झाली. मात्र या योजनांची चौकट शहराची होती. पणजीच्या रस्त्यांवर सकाळी दिसणारी बहुतेक वाहने पणजीत राहणाऱ्यांची नसतात, ती बार्देश, सासष्टी आणि फोंड्याहून येतात. महापालिकेच्या सीमेत राहून केलेला आराखडा पार्किंग आणि पदपथ यांपलीकडे फारसे काही ठरवू शकत नाही.

दरम्यान घराघरांत वाहने आली. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गोव्यातल्या सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे मोटार आढळली, जे देशात सर्वाधिक प्रमाण होते. याचे एक कारण समृद्धी, दुसरे कारण बस. १९८० मध्ये स्थापन झालेल्या कदंब महामंडळाने दूरच्या गावांना जोडण्याचे काम निष्ठेने केले, पण राज्यांतर्गत बसगाड्यांचा मोठा वाटा खासगी मालकांकडे राहिला आणि संध्याकाळनंतर, सुट्टीच्या दिवशी, अंतर्गत रस्त्यांवर गाडी मिळेलच याचा भरवसा राहिला नाही. पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवरून भाड्याने प्रवासी नेणारे पायलट हे या उणिवेवर लोकांनीच शोधलेले उत्तर होते. खासगी बसगाड्या कदंबच्या वेळापत्रकाखाली आणणारी 'म्हजी बस' योजना हा त्याच उणिवेवर सरकारने अलीकडे केलेला प्रयत्न आहे.

मोपाच्या विमानतळाने पुन्हा तोल बदलला. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची पर्यावरणीय मंजुरी स्थगित केली, २०२० मध्ये स्थगिती उठवली, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून व्यावसायिक उड्डाणे सुरू झाली. तोपर्यंत विमानाचे प्रवासी दाबोळीच्या जुन्या विमानतळावरून, दक्षिणेकडून येत, ते आता पेडण्यातूनही येऊ लागले. जुवारीवरचा नवा पूलही त्याच सुमारास टप्प्याटप्प्याने खुला झाला. पूर्वेला मोलेच्या अभयारण्यातून जाणाऱ्या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मान्यता मात्र सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली.

गोव्यासाठी प्रादेशिक अभ्यास करायचा तर नेहमीचा साचा पुरणार नाही. घरोघर जाऊन विचारले तर वर्षाकाठी येणारे सुमारे एक कोटी पर्यटक सुटून जातात, आणि भाड्याच्या दुचाकी व मोटारींवरचा त्यांचा प्रवास कळंगुट-बागा पट्ट्यात स्थानिकांपेक्षा जास्त असू शकतो. सीमेवर मोजणी केली नाही तर सावंतवाडी, बांदा, दोडामार्गहून रोज गोव्यात कामाला येणारी तरुण मंडळी आणि बांबोळीच्या इस्पितळात येणारे सिंधुदुर्ग व कारवारचे रुग्ण हिशेबात येत नाहीत. दिवाडी आणि चोडणच्या धक्क्यांवर मोजणी हवी, कारण तेथून पणजीकडे यायला फेरीबोट हाच सरळ रस्ता आहे. पावसाळ्याची आणि डिसेंबरची मोजणी वेगळी हवी. २०११ च्या जनगणनेने कामावर जाण्याचे अंतर आणि साधन विचारले होते, पण तेव्हा मोपा नव्हते आणि अटल सेतूही नव्हता. पुढची जनगणना २०२७ मध्ये आहे. तिच्या आकड्यांना जोडून बाराही तालुक्यांची प्रवास-पाहणी घेणे, आणि तिचे गावनिहाय निष्कर्ष रस्त्याची आखणी होण्याआधी ग्रामसभेपुढे ठेवणे, एवढे तरी आराखड्याच्या पुढच्या फेरीपूर्वी व्हायला हवे.